लाल कमान किती दिसते

दुकानातल्या पुतळ्यासमोर बाबा कमरेतून वाकले आणि म्हणाले, “माफ करा हं, तुमच्या वाटेत आलो.” पुतळा बाईचा होता. अंगात फिकट निळा रेनकोट, मनगटाला किमतीची चिठ्ठी लोंबत होती. नाओए खळखळून हसली, काउंटरमागची मुलगीही तोंडावर हात धरून हसली. बाबांचा थट्टेखोरपणा सगळ्या वस्तीला ठाऊक होता. आई गेली तेव्हा मंत्र म्हणायला आलेल्या भिक्षूंना त्यांनी विचारलं होतं, एवढ्या घाईने म्हणताय, पुढे कुठे दुसरं जेवण आहे का. पण थट्टा करणारा माणूस एकदा तरी वळून बघतो, समोरचा हसला की नाही म्हणून. बाबा वळले नाहीत. पुतळा बाजूला होईल म्हणून ते क्षणभर थांबले, आणि मग स्वतःच अंग चोरून पलीकडे गेले. नाओएचं हसू तोंडातच राहिलं. उद्याच्या समारंभासाठी त्यांना कोट घ्यायचा होता, तो घेऊन झाला, बाही जरा लांब आहे की नाही यावर चर्चाही झाली, पण ती त्या चर्चेत नव्हती.

नोकरीने तिच्या डोक्याला एक वाईट खोड लावून ठेवली होती. कुठलीही गोष्ट खरी की खोटी असं तिला आता वाटतच नसे. किती खरी, एवढंच वाटे. साप्पोरोच्या कंपनीत गेली काही वर्षं ती फझी गणितावर काम करत होती. त्या सुमारास सगळ्या जपानला फझीचं वेड लागलं होतं. भात शिजवायचं भांडं फझी, केर काढायचं यंत्र फझी. शाळेत शिकवलेलं तर्कशास्त्र सांगे, वस्तू दिसते किंवा दिसत नाही, मधे काही नाही. हे गणित सांगे, वस्तू थोडी दिसते, बरी दिसते, छान दिसते, आणि एकाच वेळी थोडी थोडी या तिन्हीत बसते. तिला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं होतं, की आपल्या गावचे लोक बोलतात तसं गणित शेवटी कुणीतरी केलं. आता घरी निघालेल्या गाडीत ती मनाशी मांडत होती: थट्टा होती, दहात सहा. दिसलं नाही, दहात चार. वायपर काच पुसत होता, धुकं परत बसत होतं, आणि कुशिरो शहर संपून समुद्राकाठचा रस्ता लागेपर्यंत सहाचे पाच झाले होते.

शहराच्या पूर्व टोकाची त्यांची वस्ती कोंबूवर, खाण्याच्या समुद्री शेवाळावर, जगे. उन्हाळाभर पहाटे छोट्या होड्या खडकांमधे घालायच्या, लांब काठ्यांनी तळाचं ते समुद्री पीक पिळून वर ओढायचं, गोट्यांच्या वाळवणावर पसरायचं. पण उन्हाळा म्हणजेच धुकं. जायचं की नाही हे कुणी आपल्या मनाने ठरवत नसे. टेकडीवर झेंडेवाला असे. त्याने पांढरा झेंडा वर केला की सगळ्या होड्या एकदम सुटत, नाही केला तर कुणीही हलायचं नाही. तिला आठवतंय तेव्हापासून तो झेंडेवाला म्हणजे बाबा. लहानपणी ते तिला पाठीवर घेऊन टेकडी चढत. समुद्रातल्या खडकावर देवळाची लाल कमान उभी होती. बाबा विचारत, “कमान किती दिसते, नाओ?” ती म्हणे, “नाही दिसत.” “नीट बघ.” ती डोळे ताणून बघे. “दिसते ना? सहा तरी असेल.” आणि खरोखर दिसायची. करड्यातून लालसर काहीतरी वर येई. बाबा म्हणाले की दिसायची, आणि दिसली याचा तिला इतका आनंद होई, की आधी दिसत नव्हती हे ती विसरून जाई.

आता बाबा थकले होते, आणि झेंड्याची काठी घ्यायला पुढे कुणी येईना. चुकलं तर गावभर बोलणी खायची, बरोबर आलं तर कुणी नावही काढत नाही, असली कामं तरुणांना नको असतात. शेजारच्या दोन वस्त्यांनाही झेंडेवाला उरला नव्हता. तेव्हा मच्छिमार सोसायटीने यंत्र मागवलं आणि नाओएच्या कंपनीने नाओएलाच पाठवलं. टेकडीवर कॅमेरा. तो कमान बघणार, काळा खडक बघणार, धक्क्यावरच्या दिव्याचा खांब बघणार. कमान बरी आणि खडक थोडा दिसत असेल तर समुद्र बेताचा दिसतो, असले नियम. पुरेसा दिसला की झेंड्याऐवजी यंत्र हिरवा दिवा लावणार, आणि उद्या पहाटे त्याचाच समारंभ होता. पण किती करड्याला बरी म्हणायचं आणि किती करड्याला थोडी, हे यंत्राला कोण सांगणार? माणसंच. म्हणून गेला उन्हाळाभर वस्तीतली सहा माणसं, बाबांसकट, पहाटे टेकडीवर उभी राहिली आणि नाओएने एकेकाला विचारलं, कमान किती? दहापैकी सांगा. कॅमेऱ्याचं चित्र आणि माणसांचे आकडे शेजारी शेजारी ठेवत यंत्र शिकत गेलं. साप्पोरोला तिचे साहेब, सेनो, आकडे बघून खूश झाले. माणसांच्या उत्तरांत एवढी एकवाक्यता त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. दाट धुक्यात चित्र जवळजवळ कोरं असताना माणसं मात्र पाच-सहा म्हणत, तेव्हा नाओएनेच निबंधात लिहिलं होतं, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाची नजर यंत्राला न दिसणारं टिपते. त्या वाक्याला परिषदेत टाळ्या पडल्या होत्या.

चढावरच्या वळणावर तिने गाडी थांबवली. इथून कमान दिसे, रस्त्याच्या उजव्या अंगाला. तिने काय केलं याची तिला पुढे लाज वाटली, पण करताना वाटली नाही. गाडी मागेपुढे घेत तिने पुरती वळवली. आता समोर समुद्र नव्हताच. समोर टेकडीची बाजू होती, बांबूच्या खुरट्या झुडपांनी भरलेली, आणि तीही धुक्यात अर्धी बुडालेली. काचा बंद होत्या, इंजिन चालू होतं.

“बाबा, कमान किती दिसते?”

बाबांनी मान जरा पुढे काढली. डोळे बारीक केले, अगदी पूर्वी करत तसेच. “सहा,” ते म्हणाले. “नाही, साडेपाच म्हण. संध्याकाळची वेळ आहे.”

बांबूच्या पानांवरून पाणी गळत होतं. बाबांनी सहज हात लांबवून काच खाली केली, बहुतेक सिगारेटसाठी, आणि लाटांचा आवाज आत आला. तो त्यांच्या मागून आला. बाबांचा हात खिशाशी तसाच थांबला. मग म्हणाले, “गाडी वळवून घे नाओ. भात गार होईल.”

घरी तिने होक्के मासा भाजला. बाबांनी काटे काढून मासा नीट खाल्ला, एक काटा चुकवला नाही, बोटांनी चाचपून. ते असं कधीपासून खातात? आई होती तेव्हा आई काटे काढून द्यायची, आणि सगळे त्याला लाड म्हणत. सुपाची वाटी त्यांच्या उजव्या हाताशी, लोणचं डावीकडे, चहा पलीकडे, तसूभर इकडेतिकडे नाही. तिला ती टापटीप वाटायची. शिस्तीचा माणूस, असं तिने साप्पोरोच्या मैत्रिणींना कौतुकाने सांगितलेलं आठवलं आणि तिने जेवणाच्या काड्या खटकन खाली ठेवल्या. बाबांनी विचारलं, “मीठ जास्त झालं का गं?” ती नाही म्हणाली. ती उठली, म्हणाली हात्सुमावशीकडे जाऊन येते, आणि चपला उलट्या घालून बाहेर पडली.

हात्सुमावशी शेजारीण, आईची मैत्रीण, आणि त्या सहांतली एक. ओसरीत तिचं नवं धुण्याचं यंत्र घरघरत होतं. “ये ये, इंजिनेरीणबाई. बघ, हेही तुझ्याच जातीचं. कपडे किती मळलेत ते स्वतःच ठरवतं म्हणे. माझ्या कपड्यांना रोज मळकट ठरवतं मेलं.”

“मावशी, खरं सांगा. गेल्या उन्हाळ्यात कमान तुम्हाला सहा दिसायची?”

मावशीने चिमटे गोळा केले. “कुठल्या दिवशी?”

“कुठल्याही. दाट धुकं असायचं तेव्हा.”

“किहेइसान, तुझे बाबा, सहा म्हणाले होते ना?”

“ते म्हणाले होते. तुम्हाला काय दिसत होतं?”

“अगं, त्यांनी सहा म्हटल्यावर मी काय तीन म्हणू? चारचौघांत? इतकी वर्षं त्यांच्या झेंड्यावर आमच्या चुली पेटल्या. साडेपाच म्हटलं असेल एखादे वेळी, फार फार तर. आणि तूच पहिलं त्यांना विचारायचीस की. वडीलधाऱ्यांना आधी विचारलंस, मला बरं वाटलं, शहरात जाऊन पोर बिघडली नाही म्हणून.”

मावशी यात काही वावगं सांगत नव्हती. नाओएने खरंच बाबांना आधी विचारलं होतं. आधी दुसऱ्या कुणाला विचारायचं, हा विचारच कधी मनात आला नव्हता, जसा जेवायला बसताना थोरांच्या आधी घास उचलायचा विचार येत नाही. मग वयाने पुढचा, मग त्यापुढचा. सहा माणसं उभी होती आणि आकडा एकच होता. यंत्र काय शिकलं? धुकं नाही शिकलं. वडीलधाऱ्यांचा मान राखायला शिकलं. तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण उद्या पहाटे ते यंत्र कुणालाही न विचारता दिवा लावणार होतं.

शोइचिदादा किनाऱ्यावर होडीला तेल लावत होता. तिचा थोरला भाऊ, तोही सहांतला. ती काय विचारणार हे त्याला तिच्या चालण्यावरूनच कळलं असावं, कारण त्याने मान वर केली नाही.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“सगळ्यांना माहीत आहे. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षापासून.”

“आणि तुम्ही त्यांच्या झेंड्यावर समुद्रात जाता?”

“जातो कुठे?” दादा आता जरा हसला. “अगं, झेंडा चढला आणि धुकं दाट असलं, की माझं इंजिन सुरू होत नाही. हात्सुमावशीच्या मुलाची दोरी गुंततेच. कुणाची काठी घरी राहते. एक थांबला की सगळे थांबतात, एकट्याने पुढे जाणं बरं दिसत नाही. धुकं उचललं की इंजिन आपोआप लागतं. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. बाबा वरून लाटा ऐकत उभे असतात, त्यांना वाटतं झेंडा बरोबर होता. आणि होतोच की बरोबर, अर्ध्या तासाने.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? आपले बाबा आंधळे झालेत, असं? फोनवर?” त्याने फडकं झटकलं. “तू यंत्र आणणार म्हणालीस तेव्हा वाटलं, बरं झालं, लाज राखून सुटतील. यंत्राला डोळे असतात ना?”

“यंत्राला बाबांचेच डोळे दिलेत मी.”

दादाचा हात थांबला. त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. उद्यापासून दिवा तिन्ही वस्त्यांसाठी लागणार होता. शेजारच्या वस्त्यांना या वस्तीचं न लागणारं इंजिन ठाऊक नव्हतं. ते दिवा लागताच सुटणार, चढाओढीने, आणि ते सुटलेले दिसल्यावर इकडचेही किती वेळ दोऱ्या सोडवत बसणार? खडकांत, एकमेकांच्या अंगावर. “पुढे ढकल,” दादा म्हणाला. “काहीतरी कारण सांग.” तिने त्याच्याच घरून सेनोसाहेबांना फोन लावला. ते आनंदात होते, रात्रीच्या आगगाडीत जागा मिळाली होती. म्हणाले, “काय गं, घाबरलीस की काय?” कारण तिच्या जिभेवर होतं. ते कारण उद्या कंपनीत पसरलं असतं, मग सोसायटीत, मग समारंभाला आलेल्या प्रत्येकाच्या नजरेत. आणि ज्या माणसाला ती नजर दिसलीही नसती त्याच्याभोवती सगळे हळू आवाजात बोलायला लागले असते. “नाही,” ती म्हणाली, “छत्र्या किती आणायच्या ते विचारायचं होतं.” फोन ठेवल्यावर दादाने फक्त तिच्याकडे बघितलं.

रात्र तिने कशी काढली ते तिला सांगता आलं नसतं. सकाळी ती बोलेल, असं दहात सात वाटे. कूस बदलली की तीन. धुकं येणार नाही, असाही एक आकडा होता, त्याच्यावर तिने फार भिस्त ठेवली होती. पहाटे तिने दार उघडलं तर अंगणातलं वाळवणाचं जाळंही दिसत नव्हतं.

टेकडीवर लोक जमले होते. सोसायटीचे अध्यक्ष नवे बूट घालून चिखल चुकवत होते, सेनोसाहेब सगळ्यांना वाकून वाकून भेटत होते. खाली किनाऱ्यावर होड्यांच्या रांगा असाव्यात. आवाज येत होते. बाबा नवा कोट घालून झेंड्याच्या खांबाशी उभे होते, झेंडा गुंडाळून काखेत. ठरलं असं होतं, की यंत्राने हिरवा दिवा दिला की बाबांनी शेवटचा झेंडा चढवायचा. नाओए यंत्राच्या पेटीपाशी उभी होती. आपण आता बोलायचं, आता, असं ती मनाशी म्हणत होती. पेटीत बारीक टकटक झाली. आकडा आला. हिरवा दिवा लागला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. खालून शेजारच्या वस्तीचं एक इंजिन धडधडलं, आणि कुणीतरी होडी लोटल्याची गोट्यांवरची खरखर ऐकू आली. दादाचं इंजिन नेहमीप्रमाणे लागेना.

“काय म्हणतंय?” बाबांनी विचारलं. त्यांनी झेंडा सोडला नव्हता.

“सहा,” नाओए म्हणाली.

“कमान?”

“हो. सहा.”

बाबांनी मान हलवली. “हा माझा आकडा आहे.” ते हळूच बोलले, पण टाळ्या थांबल्या. “नाओ, मी तुझ्या त्या सहांत उभा राहिलो ते का, सांगू? मला वाटलं, माझा एक चुकला तरी पाच शाबूत आहेत. पाच जणांचे डोळे माझ्या दोन डोळ्यांना सांभाळून घेतील. तुझ्या गणितात तसं होतं ना? कालपर्यंत मला वाटत होतं, झालंही तसंच. काल गाडीत कळलं. त्या पाचांचे आकडे वेगळे आले असते तर माझं तुला तेव्हाच समजलं असतं. तू आत्ता असली परीक्षा घेतेस म्हणजे पाचांनी काही सांभाळलेलं नाही.”

“बाबा, मी—”

“थांब. आता परत विचारू या. या वेळी उलटं. धाकट्यापासून. मला शेवटी.” त्यांनी चेहरा तिच्या आवाजाकडे वळवला. “सहांत तू नव्हतीस. पण इथे सगळ्यात धाकटी तूच. कमान किती दिसते?”

अध्यक्ष काहीतरी म्हणू लागले, सेनोसाहेबांनी घड्याळ बघितलं. नाओएने समुद्राकडे बघितलं. या टेकडीवरून तिने हजारदा बघितलं असेल, पण बाबांनी आकडा सांगायच्या आधी, एकटीने, आज पहिल्यांदाच बघत होती. तिने डोळे ताणले. करड्यातून लालसर काहीतरी वर येईल म्हणून तिचे डोळे वाट बघत होते, इतकी जुनी सवय. एक क्षण तर आलंही. मग तिने डोळे ताणणं सोडलं आणि ते गेलं.

“दिसत नाही, बाबा.”

“थोडीसुद्धा?”

“अजिबात नाही. शून्य.” मग तिने पेटीचं बटण खाली ओढलं आणि हिरवा दिवा विझला. ती खाली ओरडली, “होड्या आत घ्या! दिवा चुकलाय! आत घ्या!” तिचा आवाज फाटला. दादा खालून तेच ओरडला, आणि खरखर थांबली.

“पुढचा. शोइचि, कमान किती?” बाबांनी खाली हाक दिली.

“नाही दिसत,” खालूनच दादा म्हणाला. उरलेले तिघंही चाचरत नाही म्हणाले. हात्सुमावशीची पाळी आली. ती एप्रनच्या टोकाशी चाळा करत राहिली, आणि मग एकदम रडत म्हणाली, “नाही हो दिसत, किहेइसान. केव्हापासून दिसत नव्हती. आम्हाला माफ करा.”

आता बाबाच उरले होते. कुणी त्यांना विचारायला धजेना, तेव्हा नाओएनेच विचारलं, “बाबा, तुम्हाला किती?”

बाबांनी धुक्याकडे तोंड केलं. चेहऱ्यावर थेंब जमले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. “मला?” ते म्हणाले. “मला दहा. खांबावरचा पोपडा निघालाय तोसुद्धा दिसतो. रोज दहाच दिसते, कुठल्याही धुक्यात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी सहा सांगायचो.” ते जरा हसले, आणि कोण हसलं ते बघायला या वेळीही वळले नाहीत. “म्हणून म्हणतो, मला विचारत जाऊ नका.”

त्यांनी झेंडा पुढे केला. नाओए जिथे उभी होती त्याच्या जरा डावीकडे केला. ती सरकून तिथे गेली आणि तिने तो दोन्ही हातांनी घेतला.